अठरा हजार पगार, आयटीआय आणि परदेश: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा. वय २६, चोपडा तालुक्यातलं गाव, आयटीआय इलेक्ट्रिशियन, जळगाव एमआयडीसीत १८ हजार पगार, घरी वडील आणि भावाची मिळून साडेतीन एकर केळी. चार-पाच वर्षं बाहेरच्या देशात काढायची, काटकसरीनं राहायचं आणि तिशीच्या पुढे कुणाच्या हाताखाली न राबता जगता यावं, अशी इच्छा. एक एजंट दुबईसाठी दीड लाख मागतोय. एक मित्र म्हणतो, लॅपटॉप घे आणि व्हिएतनामला चल, तिथं पंधरा-वीस हजारांत महिना निघतो.

भाऊ, दोन्ही होण्यासारखं आहे, पण ज्या क्रमानं तुमच्यापुढे आलंय त्या क्रमानं नाही.

पहिली गोष्ट, पैसा रुपयांत मोजणं थोडे दिवस बंद करा आणि महिन्यांत मोजा. हातातली रोकड भागिले तुमचा महिन्याचा खर्च, म्हणजे नोकरीविना किती महिने निघतील तो आकडा. १८ पैकी ९ हजारांत भागत असेल तर एक महिना काम केलं की एक महिना हातात पडतो. खर्च १५ हजारांवर गेला की तोच महिना फक्त सहा दिवस देतो. पगार तोच, काम तेच. एमआयडीसीतल्या बहुतेक पोरांचं गाडं इथंच अडतं: गाडीचा हप्ता ४ हजार, खोली साडेतीन, मेस तीन, मोबाईलचा हप्ता दीड, पेट्रोल आणि चहा-नाश्ता तीन. झाले पंधरा. यातले गाडी आणि मोबाईलचे साडेपाच हजार गेले तरी चित्र पालटतं. हप्त्याची गाडी विकून कर्ज फेडा आणि जुनी शंभर सीसीची घ्या, किंवा खोली कंपनीपासून चालत अंतरावर बघा. घरची दादर ज्वारी आणि उडीद आणा. चार किलो ज्वारीला एक किलो उडीद धरून भाकरीचा कळणा दळला की एका माणसाला महिन्याला साधारण बारा किलो पुरतो. सोबत ठेचा, डाळ, हंगामात वांगी. मेसचे पैसे जवळजवळ पूर्ण सुटतात. दोघं-तिघं मिळून स्वयंपाक केला तर वेळही जात नाही.

असं केलं तर आठ-नऊ महिन्यांत ७५-८० हजार उभे राहतात. त्यातले ५४ हजार म्हणजे तुमचे सहा महिने, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यांत पासपोर्ट आणि कागदपत्रं; एजंटला पूर्ण कायदेशीर फी द्यावी लागली तर आणखी दोनेक महिने धरा. हे हातात नसताना बाहेर जाणं म्हणजे उसनवारीवर जाणं. उसनवारीवर गेलेला माणूस तिथं वाईट मालकालाही सोडू शकत नाही. खरी अडचण ती आहे, पगाराची नाही.

दीड लाखाचा हिशोब मांडून बघा. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा ३, म्हणजे पहिल्याच महिन्याला साडेचार हजार. दुबईत १,५०० दिरहम पगार, राहणं कंपनीचं, जेवण आणि इतर खर्च ५०० दिरहम, म्हणजे शिल्लक १,०००. दिरहम २४ रुपये धरला तर २४ हजार. हे सगळेच्या सगळे सावकाराला दिले तरी कर्ज फिटायला सात महिने लागतात. पहिला पगार उशिरा पडतो, म्हणून आठ धरा. दोन वर्षांच्या करारातलं एक तृतीयांश आयुष्य एजंट आणि सावकारात गेलं. तेच कर्ज न काढता गेलात तर महिन्याला २४ हजार, म्हणजे तुमच्या गावच्या खर्चाचे अडीच महिन्यांहून जास्त.

शिवाय दीड लाख मागणं मुळातच बेकायदा आहे. भारत सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात. दुबई ज्या देशात आहे त्या अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानं करायचा आहे, कामगाराकडून घ्यायचाच नाही. एजंटचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणी संपली आहे की चालू, तेही तिथं दिसतं. तालुक्याच्या गावातला जो माणूस ‘मी मुंबईच्या ऑफिसचा’ म्हणतो तो सब-एजंट. कायद्यात सब-एजंट ही जातच नाही. पैसे फक्त मूळ एजंटच्या खात्यावर, पावती घेऊन. रोखीनं एक रुपया नाही.

तुम्ही दहावी पास आहात, त्यामुळे पासपोर्टवर इसीआरचा, म्हणजे ‘नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी तपासणी लागते’ असा शिक्का येणार नाही. ही सोय आहे तशी जोखीमही आहे. शिक्का असलेल्या माणसाचा करार आखातात जाण्याआधी सरकारी कार्यालयात तपासला जातो, तुमचा कुणी तपासणार नाही. तो तुम्हीच वाचायचा.

करारात एकूण पगारापेक्षा मूळ पगार महत्त्वाचा, आणि पोरं नेमकी तिथंच फसतात. एजंट सांगतो १,५०० दिरहम. कागदावर असतं मूळ ९००, बाकी भत्ते. अमिरातीत ओव्हरटाइम मूळ पगाराच्या तासाच्या दरावर २५ टक्के जादा धरून निघतो, रात्री दहा ते पहाटे चारचा असेल तर ५० टक्के. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच निघते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची. मूळ ९०० असेल तर दोन वर्षांचे १,२६०, मूळ १,५०० असेल तर २,१००. नुसत्या ग्रॅच्युइटीत वीस हजार रुपयांचा फरक पडतो, ओव्हरटाइममधला वेगळाच. एजंट काय बोलला ते सोडा, तिथल्या कामगार मंत्रालयाच्या छापील नमुन्यातलं ऑफर लेटर मागा आणि सही करण्याआधी मूळ पगाराचा रकाना बघा. कतारला जाणार असाल तर तिथं २०२१ पासून किमान वेतन ठरलेलं आहे: १,००० रियाल, राहण्याची सोय नसेल तर आणखी ५००, जेवण नसेल तर ३००. यापेक्षा कमी आकडा दिसला की उठून यायचं.

‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथं बदलून देतो’ हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथंच थांबवा. व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो कामगार. दुसरं, थायलंडमध्ये ‘डेटा एन्ट्री’ किंवा ‘डिजिटल सेल्स’, चाळीस-पन्नास हजार पगार, तिकीट फुकट, अशी जाहिरात आली तर जवळही जाऊ नका. अशा नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय पोरांना सीमेपलीकडे म्यानमार, लाओस, कंबोडियात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याचा इशारा देत आलंय.

आता क्रम. पासपोर्टची फी ३६ पानांसाठी १,५०० रुपये. तत्काळचे दोन हजार वाचवायचे तर आजच अर्ज करा. त्यानंतर कुणालाही पैसे देण्याआधी छातीचा एक्स-रे गावाकडेच काढून घ्या. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत क्षयरोगाचा जुना, बरा झालेला डागही दिसला तरी ‘अनफिट’ शिक्का बसतो. एजंट तेव्हा पैसे परत देत नाही. दोन-चारशे रुपयांच्या एक्स-रेनं हा धोका आधीच कळतो. आयटीआयचं प्रमाणपत्र साक्षांकित करायचं असेल तर देश बघा: सौदी, ओमान, बहरीनला अपॉस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का चालतो, अमिराती, कतार आणि कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि पासपोर्टवर एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव मागेपुढे होतं, आणि मग महिनाभर त्यातच जातो.

बॅगेबद्दल एक गोष्ट, कारण आई हमखास डबा भरून देणार. घरचा काळा मसाला नेताना त्यात खसखस आहे का ते विचारा. अमिराती, सौदी, सिंगापूर इथं खसखस अमली पदार्थांत मोडते. मसाल्यात दळलेली असली, मूठभर असली तरी विमानतळावर अटक होऊ शकते. खसखस न घालता सुकं खोबरं, धने, दगडफूल, लवंग-मिरी आणि मिरची एवढ्यावर वेगळा मसाला कांडून घ्या, चवीत फारसा फरक पडत नाही. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध तर न्यायचंच नाही.

उन्हाचं आम्हाला काय, जळगावचे आहोत, असं म्हणू नका. आपलं ४५ अंश कोरडं असतं. तिकडच्या किनाऱ्यावर दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेता येत नाही. मालक घेत असेल तर तक्रार करता येते.

दुबईच्या आधी मी जपानचा रस्ता बघायला सांगेन. ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ या व्हिसासाठी भारत-जपान करार जानेवारी २०२१ चा आहे. जपानी भाषेची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा, एवढ्यावर पाच वर्षांपर्यंत काम करता येतं. बांधकामातली विद्युत कामं, शेती, इमारतींची सफाई, वृद्धांची सेवा असे विभाग आहेत. किमान वेतनाची देशभराची सरासरी तासाला १,००० येनच्या वर आहे आणि स्थानिक कामगाराइतकाच पगार द्यायचं बंधन आहे. एन-४ ला रोज दोन तास दिले तर सहा ते आठ महिने लागतात, म्हणजे तेवढ्याच काळात तुमचे सहा महिन्यांचे पैसेही जमतात. देश कायमचा सोडताना पेन्शनचे भरलेले पैसे एकरकमी मागता येतात. निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, तोही तिथं नेमलेल्या कर-प्रतिनिधीमार्फत परत मागता येतो. बहुतेक जण हा दुसरा अर्ज करत नाहीत आणि पैसे तिथंच राहतात.

आता लॅपटॉपचं. व्हिएतनामला जाऊन काम शोधायचं, हा क्रम उलटा आहे. गिऱ्हाईक जळगावच्या खोलीत बसूनच मिळवायचं असतं. ते मिळालं आणि सहा महिने टिकलं की मग देश बदला. तुमच्या हातात इलेक्ट्रिकल आहे, मग लोगो आणि व्हिडिओ एडिटिंगच्या गर्दीत कशाला शिरता? ऑटोकॅडवर कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंग आणि घरांवरच्या सौर यंत्रणेचे परवान्यासाठी लागणारे नकाशे, ही दोन कामं बाहेरचे ठेकेदार खरोखर बाहेर देतात. सिंगल लाइन डायग्राम, छपरावर पॅनेलची मांडणी, केबलचा आडवा छेद, ब्रेकरचं गणित. त्या-त्या देशाचे विद्युत नियम शिकावे लागतात, तिथंच बाकीचे गळतात. ऑस्ट्रेलिया सोयीचा: सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. पहाटे पाच ते नऊ काम करून कंपनीत जाता येतं. कॅलिफोर्निया साडेबारा-साडेतेरा तास मागे, म्हणजे रात्रभर जागरण. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि लॅपटॉप-राउटर चालेल एवढा छोटा इन्व्हर्टर ठेवा. लाइट गेली म्हणून नकाशा उशिरा गेला, हे गिऱ्हाईक एकदाच ऐकून घेतं.

पैसे थेट बँकेत परकीय चलनात येऊ द्या आणि प्रत्येक रकमेची परकीय रेमिटन्सची पावती बँकेकडून मागून ठेवा. मधल्या कंपन्यांचं कमिशन वेगळं आणि चलनाच्या दरात मारलेला काटा वेगळा, दोन्ही मिळून किती गेलं ते बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही.

बाहेर राहून बघायचंच असेल तर पहिला देश नेपाळ. भारतीयांना व्हिसा नाही, आणि १९५० च्या करारामुळे राहायला-काम करायला आडकाठी नाही. एकटं राहणं, परक्या भाषेत खोली बघणं, सगळ्याचा सराव कमी खर्चात होतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो, एकदा जाण्यासाठी २५ डॉलर आणि अनेकदा जाण्यासाठी ५०. त्यावर तिथल्या कुठल्याही दुकानात, हॉटेलात, शिकवणीत काम करता येत नाही. मित्राचा पंधरा-वीस हजारांचा आकडाही ताणलेला आहे. दानांगमध्ये बऱ्या खोलीलाच ५० लाख डाँग, म्हणजे १७ हजारांच्या आसपास जातात. तिघांनी मिळून घर भाड्यानं घेतलं तरच तो आकडा जमतो. तिथं भाड्याची स्कूटर घेऊ नका. आपलं आरटीओचं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं आहे, व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं. म्हणजे तुम्ही विनापरवाना चालवताय, आणि अपघात झाला की प्रवास विमा हात वर करतो.

थायलंडनं जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा काढला. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम करत एकावेळी १८० दिवस राहता येतं. फी १० हजार बाथ, पण खात्यात ५ लाख बाथ दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे १४ लाख रुपये. आज तुमच्यासाठी तो नाही. पुढे गेलातच तर खोली ठरवताना भाड्याआधी विजेचा दर विचारा: सरकारी दर चार बाथच्या आसपास असताना घरमालक सात-आठ लावतात, आणि एसी लावला की स्वस्त खोली महाग पडते. चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल जाऊ नका, शेतं आणि जंगलं जाळल्याच्या धुरानं डोळे उघडवत नाहीत.

करात एक गोम आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर तुम्ही रहिवासी. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, पण ती सूट रहिवाशांनाच. अनिवासी झालात आणि पैसे मात्र भारतातल्या खात्यात घेत राहिलात, तर ४ लाखांच्या वर कर सुरू. म्हणून लॅपटॉपवाल्यानं सहा महिन्यांच्या आत परत येणं फायद्याचं. आखातातल्या पगारदाराचं वेगळं: तो नोकरीसाठी गेला की सध्याचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, इथल्या उत्पन्नाचं खातं) करायचं, एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडायचं आणि शिल्लक तिथंच पाठवायची. एनआरईच्या मुदत ठेवीवरचं व्याज करमुक्त असतं, मात्र ठेव किमान एक वर्षाची हवी.

पैसे वडिलांच्या खात्यावर पाठवू नका, हे ऐकायला कडू आहे. घराला ठरलेली रक्कम दर महिन्याला द्या, पाच म्हटलं तर पाच हजार, न चुकता. बाकी तुमच्या नावावर. नाहीतर दोन वर्षांनी घरावर स्लॅब पडलेला असतो, बहिणीच्या लग्नात पाचशे पानं जास्त उठलेली असतात, आणि तुमच्या हातात शून्य महिने. वडिलांचा दोष नसतो, खात्यात दिसणारा पैसा गावात टिकत नाही.

जमिनीचंही लक्षात ठेवा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळालेली ठेवता येते. बाहेर असताना वडिलांच्या नावावर घेतलीत तर ती वडिलांची झाली, उद्या भाऊ-बहिणींचा त्यात समान वाटा. एकर-दीड एकर घ्यायचं मनात असेल तर जाण्याआधी किंवा परत येऊन रहिवासी झाल्यावर घ्या. सातबाऱ्यावर तुमचं नाव वारसानं लागायचं असेल तर तेही बघून ठेवा, कारण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

परत आल्यावर काय, हे आत्ता ठरवायची गरज नाही, पण दार उघडं ठेवा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून शेतात सौर पंप बसतायत आणि पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची आहे. कंपनीचा माणूस दूर बसतो, गावात जाऊन कंट्रोलर उघडणारा लागतो. केळीच्या पट्ट्यात मे महिन्यात मोटार बंद पडली तर शेतकरी दोन दिवसही थांबू शकत नाही. हंगामात चार-पाच महिने हे काम, उरलेले महिने पहाटेची ड्रॉइंग: ९ हजारांच्या खर्चावर कुणाची नोकरी लागत नाही.

या आठवड्यात त्या दीड लाखवाल्याला तीन गोष्टी लेखी मागा: ई-मायग्रेटवरचा नोंदणी क्रमांक, मालकाचं नाव असलेलं ऑफर लेटर आणि त्यातला मूळ पगाराचा आकडा. ‘आधी टोकन भरा, मग देतो’ असं उत्तर आलं तर पुन्हा फोन करू नका, आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवला असेल तर आधी तो परत आणा.